एका कॉम्प्रेसरचे दोन मानकरी

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं फिनिक्स हे वाळवंटात वसलेलं शहर. उन्हाळ्यात तिथे पारा 45 अंशांना सहज टेकतो आणि रात्रीसुद्धा तिशीखाली यायला कुरकुरतो. नागपूर-चंद्रपूरकरांना यात नवल वाटायचं कारण नाही. 2012 च्या उन्हाळ्यात या शहरातले निसान लीफचे मालक अस्वस्थ व्हायला लागले. लीफच्या डॅशबोर्डवर चार्ज किती उरलाय हे दाखवणाऱ्या पट्ट्यांच्या शेजारी आणखी बारा छोट्या पट्ट्या असत. बॅटरी काठोकाठ भरली तर तिच्यात मुळात किती मावतं, ते या पट्ट्या सांगत. गाडी घेऊन दोन वर्षंही झाली नव्हती आणि कुणाची एक पट्टी गेली होती, कुणाच्या दोन, कुणाच्या तीन. पहिली पट्टी विझते तीच मुळी साधारण 15 टक्के क्षमता गेल्यावर. गाडी तीच, रस्ता तोच, पण ऑफिसला जाऊन परत येण्याचा हिशेब चुकायला लागला.

लीफ बाजारात आली डिसेंबर 2010 मध्ये. मोठ्या कंपनीने सामान्य गिऱ्हाइकासाठी जगभर विकायला काढलेल्या पहिल्या विजेच्या गाड्यांपैकी ही एक. तिच्या 24 युनिटांच्या बॅटरीत 192 सेल एका बंद डब्यात बसवलेले होते. (बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासांत मोजतात, आपल्या विजेच्या बिलावरचं युनिट ते हेच.) त्या डब्यात ना पंखा होता, ना पाणी खेळवणाऱ्या नळ्या. आतली उष्णता डब्याच्या पत्र्यातून बाहेरच्या हवेत जाईल, एवढ्यावर भिस्त. बाहेरची हवा थंड असेल तर हे ठीक चालतं. फिनिक्सच्या पार्किंगमध्ये, तापलेल्या डांबरावर दिवसभर उभ्या असलेल्या गाडीत मात्र उष्णता उलट दिशेने, बाहेरून आत जाणार. निसानने काही गाड्या ॲरिझोनातल्याच आपल्या चाचणी केंद्रात नेऊन तपासल्या. त्या वर्षाच्या डिसेंबरात कंपनीने क्षमतेची हमी जाहीर केली: पाच वर्षं किंवा 60 हजार मैलांच्या आत बारापैकी नऊ पट्ट्यांच्या खाली गेलात, तर बॅटरी आम्ही बघू. पुढे उष्णता जास्त सोसणारं रसायनही आणलं. पाण्याने थंड होणारी बॅटरी लीफला मिळाली ती 2025 मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीत.

गंमत अशी की लीफ आली त्याच महिन्यात अमेरिकेतच शेव्हरले व्होल्टही आली. तिच्या बॅटरीत सेलांच्या मधोमध ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे होते आणि त्यांतून कूलंट फिरत होतं. व्होल्टची बॅटरी टिकाऊ म्हणून नावाजली गेली. दोघींची तुलना अगदी बरोबरीची नाही, हेही सांगायला हवं. व्होल्टला पेट्रोल इंजिनाची जोड होती, आणि बॅटरी 16 युनिटांची असून कंपनी तिच्यातली दहाच्या आसपास युनिटंच वापरू देत होती. वर आणि खाली मोकळी जागा ठेवली की बॅटरी कमी शिणते. तरीही पुढच्या पंधरा वर्षांत जगाने वाट धरली ती व्होल्टचीच.

बॅटरी उन्हाने नेमकी का झिजते? लिथियम-आयन सेलच्या ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर पहिल्या चार्जिंगपासूनच एक अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो. तो हवाच, त्याच्याशिवाय सेल चालणार नाही. पण तो जितका जाड होत जातो तितकं लिथियम त्यात अडकून पडतं आणि तितकी साठवण कमी होते. पापुद्रा वाढणं ही साधी रासायनिक क्रिया आहे, आणि रसायनशास्त्रातला ढोबळ हिशेब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो. म्हणजे 25 अंशांवर जी झीज व्हायला चार वर्षं लागतील, ती 45 अंशांवर वर्षभरात. यातली खरी खोच ही की गाडी चालवा किंवा नुसती उभी करा, पापुद्रा वाढतच असतो. पूर्ण भरलेली बॅटरी आणि ऊन ही जोडी सगळ्यांत वाईट. रोज 100 टक्के भरून गाडी मे महिन्याच्या उन्हात उभी करणारा माणूस ती एक किलोमीटरही न चालवता तिचं आयुष्य कमी करत असतो.

बॅटरीला सगळ्यांत सुखाचं हवामान म्हणजे 15 ते 35 अंश. थोडक्यात, पुण्याची दिवाळी. माणसालाही तेच आवडतं, आणि पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ यातच आहे.

बाहेरच्या उन्हाइतकीच महत्त्वाची असते आत तयार होणारी उष्णता. प्रवाह वाहिला की अंतर्गत रोध आडवा येतो आणि उष्णता निघते, आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. शाळेतलं हे सूत्र इथे पैशांत मोजावं लागतं. समजा, एका मध्यम गाडीची बॅटरी 30 युनिटांची, 320 व्होल्टची आहे आणि सगळ्या पॅकचा मिळून रोध 0.1 ओहम आहे. गाडी बोरघाट चढते आहे. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत साडेपाचशे मीटरची चढण. माणसांसकट सतराशे किलोची गाडी एवढी वर न्यायला अडीच युनिटं लागतात. पाव तासाची चढण धरली आणि हवा-टायरांचा विरोध मिळवला, तर बॅटरीतून सरासरी 20 किलोवॅटच्या आसपास शक्ती जाते, म्हणजे साठेक ॲम्पियर. सेलांत निघणारी उष्णता अर्धा किलोवॅटसुद्धा नाही.

आता घाट संपला, आपण लोणावळ्याला गाडी चार्जिंगला लावली आणि चहा-वड्याला गेलो. चार्जर 50 किलोवॅटचा, म्हणजे 156 ॲम्पियर. सूत्रात घाला: 2.4 किलोवॅट उष्णता. दहा टक्क्यांवरून 80 टक्क्यांवर जायला 25 मिनिटं लागली आणि ही उष्णता काढून घेतलीच नाही, तर पावणेतीनशे किलोचा पॅक तेरा अंशांनी तापेल. दुपारी तो मुळातच 42 वर असेल तर पंचावन्न. घाट चढताना बॅटरी तापली नाही, तेवढी आपण चहा पिताना तापली! हेच चार्जिंग 25 किलोवॅटने केलं तर वेळ दुप्पट लागतो, पण उष्णता दर सेकंदाला चौथाई निघते आणि एकूण निम्मीच. पोर्शने 2019 मध्ये टायकान ही गाडी 800 व्होल्टवर आणली, त्यामागे हेच गणित होतं. व्होल्टेज दुप्पट केलं की तेवढ्याच शक्तीला प्रवाह निम्मा पुरतो. केबल, जोड आणि तारा सगळेच कमी तापतात.

ही उष्णता काढायची कशी, याचं आज सर्वांत रुळलेलं उत्तर नळकामाचं आहे. सेलांच्या खाली ॲल्युमिनियमची सपाट पोकळ प्लेट. तिच्यातून पाणी आणि ग्लायकॉल यांचं मिश्रण, म्हणजे आपलं ओळखीचं कूलंट, छोट्या विजेच्या पंपाने फिरतं. सेल आणि प्लेट यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी हवा अडून उष्णता अडते, म्हणून मध्ये उष्णता वाहून नेणारा मऊ लेप भरतात. बाहेर 25 अंश असतील तेव्हा हे कूलंट पुढच्या रेडिएटरमध्ये जाऊन वाऱ्याने थंड होऊन येतं, प्रश्न मिटला. पण बाहेर 44 अंश असताना रेडिएटर कूलंटला 44 च्या खाली आणूच शकत नाही, मग पंखा कितीही मोठा लावा. अशा वेळी कूलंट ‘चिलर’मध्ये वळवतात. वहीच्या आकाराचा हा थरांचा ठोकळा असतो; एका थरातून कूलंट जातं, शेजारच्या थरातून एसीचा गॅस, आणि गॅस कूलंटची उष्णता शोषून घेतो. कोणता एसी? गाडीत दुसरा एसी असतोच कुठे! प्रवाशांना गार करणारा जो कॉम्प्रेसर, तोच.

आता मे महिन्यातल्या दुपारी अडीच वाजता विदर्भातल्या एखाद्या महामार्गावरच्या हॉटेलच्या आवारात उभे राहा. गाडी शंभराच्या वेगाने आली आहे, बॅटरी तापलेली आहे. चालकाने गन लावली. पडद्यावर 48 किलोवॅटचा आकडा आला. दोनेक मिनिटांत बॉनेटखालचा पंखा असा घोंघावायला लागतो की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघतात. गाडीखाली पाण्याची धार लागते. ते कूलंट नव्हे, एसीवर धरलेल्या दवाचं पाणी. आजी आणि लहान मूल आत बसून आहेत, एसी चालू आहे. दहा मिनिटांनी पडद्यावरचा आकडा 30 च्या खाली घसरतो. चालक चार्जरला शिव्या देतो, ॲपवर तक्रार टाकतो. चार्जर बहुतेक वेळा निर्दोष असतो. गाडीनेच त्याला सांगितलेलं असतं, बाबा रे, हळू वाढ.

आत काय चाललंय ते असं. कॉम्प्रेसरने बॅटरी आणि केबिन दोघांकडून शोषलेली उष्णता शेवटी कंडेन्सरमधून बाहेर टाकायची असते, आणि 44 अंशांच्या हवेत ती टाकायची तर गॅस साठ-पासष्ट अंशांपर्यंत दाबून तापवावा लागतो. गाडी उभी असल्याने समोरून वारा नाही, पंख्यावरच सगळा भार. म्हणजे गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच यंत्राची ताकद सर्वांत कमी. एका पंक्तीला दोन मानकरी आणि वाढायला एकच हात, अशी त्याची गत होते. बॅटरीचं पान आधी वाढायचं की आजीचं, याचा निर्णय कंपनीच्या अभियंत्यांनी आधीच प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलेला असतो. काही गाड्या केबिनची थंडी हळूच कमी करतात, काही चार्जिंगचा वेग उतरवतात, बहुतेक दोन्ही थोडं थोडं करतात. हे माहितीपत्रकात छापलेलं नसतं. माझ्या मते आपल्या हवामानात गाडी घेताना ‘एका चार्जमध्ये किती जाते’ या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा प्रश्न हा आहे: 44 अंशांत, एसी लावून, ती किती वेगाने चार्ज होते? शोरूममधल्या मुलाला विचारून बघा. तो रंगांबद्दल बोलायला लागतो.

केबिनची बाजू मात्र थोडी निराळी आहे. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीच्या आतली हवा साठीला जाऊ शकते, डॅशबोर्ड त्याहून तापतो. ती उतरवताना पहिली काही मिनिटं एसी तीन-चार किलोवॅट खातो, मग एक-दीडवर स्थिरावतो. पेट्रोलच्या गाडीतही एसी फुकट नसतो, पण इंजिन एवढी उधळपट्टी करत असतं की त्यात हा खर्च दिसत नाही. विजेच्या गाडीत तो टक्क्यांनी दिसतो. हिंजवडीच्या कोंडीत तासभर अडकलात, तर एसी दीड युनिट खाईल. एवढ्यात गाडी दहा-बारा किलोमीटर गेली असती. हायवेवर याच्या उलट. तिथे गाडी हवा-टायरांच्या विरोधाशी झुंजण्यातच तासाला पंधरा युनिटं घालवते, एसीचं दीड त्यात कुठल्या कुठे हरवतं. म्हणून हायवेला काचा खाली करून ‘रेंज वाचवणाऱ्यांना’ हाती घाम सोडून काही लागत नाही; उलट उघड्या काचांनी हवेचा विरोध वाढतो.

केबिन मुळात तापते ती काचांतून येणाऱ्या उन्हाने, आणि सूर्यप्रकाशातली जवळजवळ निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते. काच काळी करून जेवढं साधतं, तेवढंच काच स्वच्छ ठेवून हे किरण परतवले तरी साधतं. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये बंदी घातली, आणि नियमाने पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के, बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आत यायलाच हवा. त्यामुळे अवरक्त किरण अडवणारी, कारखान्यातच बनलेली काच हा आपल्याकडचा खरा उपाय. ती महाग असते, म्हणून स्वस्त गाडीत दिसत नाही. तिथे पंख्याचा वेग वाढवून निभावतात. एक सोय मात्र विजेच्या गाडीला निर्विवाद आहे. कॉम्प्रेसरला स्वतःची मोटर असल्याने गाडी चार्जरला लावलेली असतानाच केबिन गार करून ठेवता येते. पहिल्या दहा मिनिटांचं महाग काम भिंतीतल्या विजेवर होतं, बॅटरीवर नाही.

याच मोटरपायी गॅरेजवाल्यांसाठी एक नवी अडचण तयार झाली आहे. विजेच्या कॉम्प्रेसरची वेटोळी गॅस आणि तेलाच्या मिश्रणातच बुडालेली असतात, आणि त्यांत तीनशे-चारशे व्होल्ट खेळत असतात. म्हणून इथे वीज न वाहणारं, पीओई जातीचं तेल लागतं. पेट्रोल गाड्यांच्या एसीत सर्रास वापरलं जाणारं पीएजी तेल चुकून भरलं, किंवा जुन्या गाड्यांवर वापरलेलं गॅस भरायचं मशीन न धुता लावलं, तरी इन्सुलेशन खचतं आणि गाडी ‘हाय व्होल्टेज’चा इशारा देऊन उभी राहते. नाक्यावरच्या गॅस भरणाऱ्या पोऱ्याला हे कुणी सांगितलेलं नसतं.

बसचा हिशेब तर आणखी कडक. एसटीची विजेवरची ‘शिवाई’ 1 जून 2022 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. 1948 साली एसटीची पहिली बसही याच मार्गावर निघाली होती. त्रेचाळीस आसनांची ही बस वातानुकूलित आहे. बसलेला माणूस सुमारे 100 वॅट उष्णता सोडतो. म्हणजे भरलेल्या बसमध्ये ऊन धरलंच नाही, तरी नुसत्या प्रवाशांचीच 4.3 किलोवॅट झाली. मुंबईत बेस्टच्या बसचं दार दर स्टॉपला उघडतं, आणि दर वेळी दमट हवेचा लोंढा आत येतो. दमट हवेतल्या वाफेचं पाणी करण्यातच एसीची मोठी शक्ती खर्ची पडते, त्यामुळे नागपूरचे 44 आणि मुंबईचे 34 अंश यंत्राच्या दृष्टीने वाटतात तितके लांबचे नाहीत.

थंडीचं प्रकरण आपल्याला कमी लागू आहे, पण शिकागोतल्या मराठी घरांत ते पाठ आहे. जानेवारी 2024 मध्ये तिथे कडाक्याची थंडी पडली तेव्हा चार्जिंग स्टेशनांवर गाड्यांच्या रांगा लागल्या, काही तिथेच निपचित झाल्या. शून्याखाली जोरात चार्ज केलं तर लिथियम ग्रॅफाइटच्या आत न शिरता वरच धातूच्या थराने साचतं आणि सेल कायमचा बिघडतो. म्हणून गाडी आधी बॅटरी गरम करते, मगच वीज घेते. केबिनची तऱ्हा याहून विचित्र. पेट्रोलचं इंजिन इंधनातली निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णता म्हणून फेकतं, त्यामुळे हीटर फुकट. विजेची मोटर इतकी काटकसरी की तिच्याकडे फेकायला उष्णताच नाही. मग हीटरची तार तापवा, नाहीतर एसी उलटा चालवा. उलटा एसी, म्हणजे हीट पंप, एका युनिटात दोन-तीन युनिटांएवढी उष्णता बाहेरच्या थंड हवेतून ओढून आणतो. टेस्लाने 2020 च्या मॉडेल वायमध्ये असा पंप बसवला, आणि बॅटरी, मोटर, केबिन यांचं नळकाम जोडणारी आठ तोंडांची एकच झडप केली. आपल्याकडे मात्र हीट पंप हे विक्रीच्या यादीतलं कलम जास्त आणि गरज कमी. सिमला-लेहवाल्यांनी तो जरूर घ्यावा.

आगीबद्दल बोलल्याशिवाय हा विषय सुटत नाही. 2022 च्या मार्चमध्ये पुण्यात लोहगाव भागात रस्त्याकडेला उभी असलेली एक इलेक्ट्रिक स्कूटर पेटली, आणि तो व्हिडिओ देशभर फिरला. त्या उन्हाळ्यात अशा आणखी घटना झाल्या. लोकांनी निष्कर्ष काढला: ऊन वाढलं म्हणून पेटल्या. ऊन एवढं करू शकत नाही. सेलमधला पापुद्रा मोडायला लागतो तो ऐंशी-नव्वद अंशांच्या पुढे, दोन ध्रुवांना वेगळं ठेवणारा प्लास्टिकचा पडदा वितळतो 130 च्या आसपास. चंद्रपूरलाही एवढं होत नाही. आग लागते ती बहुधा आतल्या दोषाने: सेल बनवताना राहिलेला कण, दुमडलेला पडदा, पाणी शिरलेला पॅक, चुकीचं चार्जिंग. जनरल मोटर्सने 2021 मध्ये बोल्ट गाड्या परत बोलावल्या त्या सेलमधल्या अशाच कारखानी चुकांसाठी. थंड करणाऱ्या यंत्रणेचं काम इथे निराळं असतं. एक सेल भडकला तर शेजाऱ्याला पेटू न देणं, निदान माणसं उतरेपर्यंत वेळ काढणं. 2022 च्या घटनांनंतर आपल्या एआयएस-156 या मानकात हीच कसोटी घातली गेली आणि हे सुधारलेलं मानक डिसेंबर 2022 पासून टप्प्याटप्प्याने लागू झालं. ही मानकं प्रसिद्ध करते ती पुण्याच्या टेकडीवरची एआरएआय. चीनने आधी, आग माणसांपर्यंत पोहोचण्यापूर्वी पाच मिनिटांचा इशारा सक्तीचा केला होता. जुलै 2026 पासून तिथे नव्या नियमाने दोन तास आग आणि स्फोट दोन्ही होता कामा नयेत. लोहाच्या फॉस्फेटवर चालणारे सेल यात उजवे, कारण तापले तरी ते निकेलवाल्या सेलांसारखा प्राणवायू सहजी सोडत नाहीत. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत आता तेच आहेत, आणि तो निर्णय मला शहाणपणाचा वाटतो, भले दर किलोला साठवण थोडी कमी असो.

राहिल्या त्या दुचाक्या आणि रिक्षा, म्हणजे देशातली बहुसंख्य विजेची वाहनं. त्यांत चिलर नाही, पंप नाही, बहुतेकांत पंखाही नाही. 2010 च्या लीफचीच तऱ्हा. ॲल्युमिनियमचं कवच आणि त्यावरचे पंख उष्णता बाहेर टाकतात, काही कंपन्या सेलांभोवती वितळताना उष्णता शोषणारं मेणासारखं द्रव्य भरतात, आणि गाडी फार तापली तर सॉफ्टवेअर पिकअप काढून घेतं. बंगळुरूच्या एक्स्पोनंट एनर्जीने तीनचाकींसाठी दुसरी वाट काढली: थंड करणारं यंत्र गाडीत वाहायचंच नाही, चार्जरमध्ये ठेवायचं. चार्जिंगच्या पंधरा मिनिटांत विजेबरोबर थंड पाणीही बॅटरीतून फिरवायचं. गणित बघता हे अगदी सरळ आहे, कारण सर्वांत जास्त थंडावा लागतो तो त्या पंधरा मिनिटांतच. अडचण एवढीच की त्यासाठी बॅटरी आणि चार्जर एकाच घरचे हवेत. डिलिव्हरी करणाऱ्या मुलांच्या स्कूटर बहुतेक भलत्याच घरच्या असतात; ती मुलं दुपारच्या जेवणाची गर्दी ओसरली की तीनच्या सुमारास, नुकत्याच पळवून आणलेल्या गरम बॅटरीवरच चार्जर लावतात, कारण सातला रात्रीच्या ऑर्डरी सुरू होणार असतात. अर्धा तास सावलीत थांबून मग लावला, तर बॅटरीचं आयुष्य वाढेल. पण त्या अर्ध्या तासाचे पैसे त्यांना कुणी देत नाही.